झाकलं पॅनल सव्वा लाखाचं

फुल फेअरिंगची मोटरसायकल घरी उघडायला घेतली, की पहिल्या अर्ध्या तासात एक गोष्ट कळते. आपण रोज जिला 'माझी गाडी' म्हणतो, ती बहुतेक वेळा नुसतं फायबर असते. चकचकीत रंग, स्टिकर, टाकीपासून खाली उतरत गेलेली ती धारदार रेघ. ते सगळं काढून बाजूला जुन्या चादरीवर ठेवलं की खरी गाडी दिसते: वायरिंगच्या जुड्या, रेडिएटर, होझ पाइप, बोल्टवर फॅक्टरीत मारलेले रंगाचे ठिपके आणि चार वर्षांचा वाळलेला चिखल.

माझी डिग्री कॉम्प्युटर इंजिनिअरिंगची. मेकॅनिकलशी संबंध पहिल्या वर्षाच्या वर्कशॉपपुरता, तिथेही जॉब घासून घासून चौकोनाचा समलंब चौकोन केला होता. तरी तीन वर्षांपूर्वी गाडीचं काम घरीच करायला लागलो. थोडे पैसे वाचतात, हे कारण मी आईला सांगायचो. खरं कारण वेगळं होतं. दिवसभर स्क्रीनवर जे करतो ते हाताला लागत नाही. बोल्ट हाताला लागतो.

बाबांच्या स्प्लेंडरला असलं काही नव्हतं. तिचं इंजिन उघड्यावर, सिलिंडरच्या पट्ट्या मोजता येतील असं. झाकायला होती फक्त दोन बाजूंची दोन छोटी पॅनल्स. जे बिघडायचं ते दिसायचं, निदान ऐकू तरी यायचं. माझी गाडी 150 सीसीची, लिक्विड-कूल्ड, आणि गळ्यापासून पायापर्यंत झाकलेली. तिचं कूलंट बदलायचं तरी आधी कपडे उतरवावे लागतात.

जानेवारीतल्या एका रविवारी वाकडच्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये मी तेच करायला बसलो. इंजिन थंड हवं म्हणून सकाळीच. पद्धत मला पाठ होती. पुठ्ठ्यावर गाडीची बाजू ढोबळ काढायची आणि निघालेला प्रत्येक स्क्रू चित्रात त्याच्याच जागी टोचून ठेवायचा, कारण सगळे एकसारखे दिसले तरी लांबी वेगवेगळी असते. लांब बोल्ट आखूड जागी गेला तर आतल्या कशाला तरी टोचतो, आखूड बोल्ट लांब जागी गेला तर दोन आट्यांवर कसाबसा लटकतो. प्लास्टिकच्या पुश क्लिपची मधली पिन आधी आत ढकलायची आणि मग क्लिप उपसायची. काहींची पिन उलट बाहेर ओढावी लागते. कुठली कुठली आहे हे न बघता जोर लावला की क्लिप गेली.

या सगळ्यात मला सर्वात आवडणारी वस्तू म्हणजे कॉलर बुश. पॅनलच्या भोकात रबराचं ग्रोमेट असतं, त्याच्या आत धातूची एक छोटी नळी. बोल्ट आवळला की तो पॅनलवर बसत नाही, त्या नळीवर बसतो. सगळा ताण नळी घेते आणि फायबर रबरात थोडं सैल, थोडं तरंगत राहतं. गाडी थरथरते, तापते, खड्ड्यात आदळते, पण पॅनलला तडा जात नाही. नळी हरवली तर बोल्ट थेट प्लास्टिक चिरडायला लागतो. बाहेरून मात्र दोन्ही बोल्ट हुबेहूब सारखे दिसतात.

त्या दिवशी डावीकडचं खालचं पॅनल निघेना. त्याची लॉकं खाचेत अडकलेली असतात. आधी पॅनल पुढे सरकवायचं, मग बाहेर काढायचं. हे मला माहीत होतं. पण बोटं गारठली होती, दहा वाजता मित्र नाश्त्याला येणार होता, आणि मी ते सरळ बाहेर ओढलं.

टक्.

थंडीत प्लास्टिक आणखी ठिसूळ होतं, त्यामुळे आवाज अगदी स्वच्छ आला. एक लॉक मुळापासून तुटलं होतं. मग बसवताना दुसरी चूक. खालचा बोल्ट तिरका लागला होता. हाताला अडखळल्यासारखं जाणवलं, तरी मी एलन की फिरवत राहिलो. आतल्या क्लिपचे आटे गेले. बोल्ट नुसता गोल फिरायला लागला.

तुटलेलं लॉक मी फेविक्विक आणि खायच्या सोड्याने चिकटवलं. ते मिश्रण दगडासारखं घट्ट होतं, आणि दगडासारखंच लवचीकपणा नसलेलं. आटे गेलेल्या जागी मागून केबल टाय ओवून पॅनल फ्रेमच्या ब्रॅकेटला बांधलं आणि पुढून बोल्ट नुसता दाबून ठेवला. दोन पावलं मागे सरून पाहिलं. काहीही कळत नव्हतं. फटसुद्धा सारखी होती.

एक गोष्ट सांगायलाच हवी. काढलेलं जुनं कूलंट मी बाटलीत भरून, झाकण घट्ट लावून, वर घरात नेऊन ठेवलं. कूलंट चवीला गोड असतं आणि कुत्र्यांसाठी विषारी, आणि आमच्या पार्किंगमध्ये तीन कुत्री झोपतात. म्हणजे त्या सकाळी माझी सद्सद्विवेकबुद्धी जागी होती. कुत्र्यांपुरती अगदी टक्क जागी होती. संध्याकाळी पुसलेल्या गाडीचा फोटोही स्टेटसला टाकला.

*

ऑगस्टमध्ये मी गाडी विकली. घेतली माझ्या धाकट्या मामेभावाने. त्याला शिरवळच्या एका कंपनीत नोकरी लागली होती आणि साताऱ्याहून रोज जा-ये करायची होती. ऑनलाइन जाहिरात टाकली असती तर लोक आले असते, सीटखाली वाकून पाहिलं असतं, कोणी सोबत मेकॅनिक आणला असता. मामेभावाने फक्त चावी मागितली. मामा म्हणाले, "दादाची गाडी आहे, बघायचं काय त्यात?" मी बाजारभावापेक्षा चार हजार कमी घेतले आणि मनात स्वतःलाच उदार ठरवून टाकलं.

पॅनलचं मी सांगितलं नाही. खोटं बोललो असं नाही, त्याने विचारलंच नव्हतं. डोक्यात वाक्य तयारही होतं, पण ते उच्चारायचे क्षण एकामागून एक निघून गेले. आरसी बुकाच्या वेळी, पेट्रोल भरताना, आईने गाडीला हळदकुंकू लावलं तेव्हा. शेवटी वाटलं, आता सांगितलं तर उगाच विचित्र दिसेल. आणि असं आहेच किती मोठं? फायबरचं एक लॉक.

आपल्याकडे म्हण आहे, झाकली मूठ सव्वा लाखाची. मूठ झाकणाऱ्याला ती शहाणपण शिकवते. पण त्या मुठीसाठी सव्वा लाख मोजणारा कोण, याबद्दल म्हण काही बोलत नाही.

अर्थशास्त्रात मात्र त्याच्यावर एक प्रसिद्ध निबंध आहे. जॉर्ज अकेरलॉफ यांनी 1970 मध्ये जुन्या गाड्यांच्या बाजाराबद्दल लिहिलं. विकणाऱ्याला गाडीची खोड माहीत असते, घेणाऱ्याला नसते. म्हणून घेणारा प्रत्येक गाडीकडे संशयाने बघतो आणि सरासरी भाव देतो. त्या भावात चांगली गाडी विकणं परवडत नाही, चांगल्या गाड्या बाजारातून निघून जातात आणि उरतात त्या खराब. या कामासाठी 2001 मध्ये त्यांना इतर दोघांसोबत नोबेल मिळालं. पण माझ्या व्यवहारात संशय नावालाही नव्हता. मामेभावाकडे तपासण्याचा मार्ग होता आणि त्याने तो स्वतःहून सोडून दिला, कारण समोर मी होतो.

मला वाटतं, विश्वास ठेवणं म्हणजे हेच असतं. समोरचा चांगला आहे असं मानणं हा त्याचा छोटा भाग. मोठा भाग असा, की तपासण्याचं आपलं काम आपण त्याच्याकडे सोपवून देतो. अनोळखी माणूस वाकून बघतो तेव्हा अर्धी जबाबदारी त्याने उचललेली असते. आपला माणूस बघत नाही, तेव्हा ती अर्धीही आपल्यावर येते. मी नेमकं उलटं धरलं होतं: घरचाच आहे, चालून जाईल.

*

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात त्याचा फोन आला. आवाजात गंमत होती. संध्याकाळी शिरवळहून परतताना खंबाटकी घाट चढत असताना डावीकडचं पॅनल सुटलं. खालचं टोक खाली लोंबलं आणि गिअरच्या लिव्हरखाली अडकलं. चढावर गाडी दम टाकायला लागली, तर गिअर खाली पडेना. मागे ट्रक हॉर्न देत होता. त्याने क्लच दाबून गाडी कशीबशी कडेला घेतली, बुटाची नाडी काढून पॅनल बांधलं आणि घर गाठलं.

"सकाळी मिस्त्रींना दाखवली," तो म्हणाला. "ते म्हणाले, लॉक कुणीतरी चिकटवलंय आणि बोल्टच्या जागी केबल टाय आहे. उष्णतेनं कडक होऊन तुटला. विचारत होते, गाडी आधी उघडली कुणी? मी म्हटलं, आमच्या दादाची गाडी आहे, दादा असलं करणार नाही. शोरूमला सर्व्हिसिंगला दिली असेल तेव्हा त्यांनीच केलं असेल. हो ना?"

"हो रे, असेल," मी म्हणालो.

त्या रात्री झोप आली नाही ती घाटातल्या ट्रकमुळे कमी आणि त्या तीन शब्दांमुळे जास्त. ऑगस्टमध्ये मी नुसता गप्प होतो. आता मी माझं काम एका अशा मेकॅनिकच्या नावावर टाकलं होतं, ज्याने त्या पॅनलला कधी हातही लावला नव्हता. झाकलेली चूक जागच्या जागी बसून राहत नाही. ती उघडी पडते तेव्हा तिला कुणाचं तरी नाव लागतं, आणि आपण गप्प असलो तर ते दुसऱ्याचं लागतं. ऑफिसात हे मी कितीदा पाहिलंय. कुणीतरी एरर गिळून टाकणारा कोड लिहितो, सिस्टिम वरून हिरवी दिसते, आणि दोन वर्षांनी ती पडते तेव्हा रात्री दोनला शिव्या खातो तो गेल्या महिन्यात टीममध्ये आलेला पोरगा.

प्लेटोच्या 'रिपब्लिक'मध्ये ग्लॉकॉन एक गोष्ट सांगतो. भूकंपाने जमिनीला भेग पडते. लिडियातला एक मेंढपाळ आत उतरतो आणि त्याला एका प्रेताच्या बोटात सोन्याची अंगठी सापडते. तिचा खडा आतल्या बाजूला फिरवला की तो अदृश्य होतो. मग तो राणीला फितवतो, राजाला मारतो आणि राज्य घेतो. ग्लॉकॉन विचारतो: अशा दोन अंगठ्या असत्या, एक सज्जनाला आणि एक दुर्जनाला दिली असती, तर दोघे वेगळे वागले असते का?

ही गोष्ट मी कॉलेजात वाचली तेव्हा मला ती अतिशयोक्त वाटली होती. राज्य कोण घेतंय? पण अंगठी रोजच्या आयुष्यात असते, फक्त तिचे आकार साधे असतात. गाडीचं पॅनल, टाइलखालचं सिमेंट, फॉल्स सीलिंगवरची वायरिंग, हॉटेलच्या स्वयंपाकघराचं दार. आणि या अंगठ्या माणसाला राजाला मारायला लावत नाहीत. एवढंच म्हणायला लावतात: दहा वाजलेत, नाश्ता गार होतोय, बांधून टाक.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फोन करून खरं सांगितलं. जानेवारीतलं सगळं, आणि आदल्या दिवशीचं 'असेल'सुद्धा. तो थोडा वेळ काही बोलला नाही. त्याने चिडावं अशी माझी जवळजवळ इच्छा होती. मग तो म्हणाला, "दादा, सांगितलं असतंस तरी मी घेतलीच असती गाडी. फक्त डिक्कीत दोन केबल टाय टाकून ठेवले असते."

या वाक्याने माझी सगळी सबब संपवली. मी इतके महिने समजत होतो की प्रश्न कामाच्या दर्जाचा आहे. मी परफेक्ट काम केलं नाही, पण घरी काम करणारा कोण करतो? हा बचाव खरा आहे. लॉक तुटणं हा गुन्हा नाही. केबल टायसुद्धा गुन्हा नाही, अर्ध्या महाराष्ट्रातल्या गाड्या केबल टायवर चालतात. पण मामेभावाने माझ्याकडे परफेक्ट काम मागितलंच नव्हतं. त्याला हवी होती फक्त माहिती, जिच्या जोरावर त्याने स्वतः काही केलं असतं: दोन टाय बाळगले असते, महिन्याने एकदा वाकून पाहिलं असतं, किंवा घाटात पायाशी काही हललं तर लगेच ओळखलं असतं. मी पॅनल लावलं तेव्हा त्याचा तो पर्याय आत बंद केला.

मग सगळंच सांगायचं का? कुठल्या स्क्रूला ओरखडा आहे, कुठलं वॉशर दुसऱ्या कंपनीचं आहे? तसं केलं तर कुणी काही विकणार नाही आणि कुणी काही घेणार नाही. मी स्वतःसाठी एक साधी कसोटी ठरवली आहे: हे माहीत असतं तर पुढचा माणूस काही वेगळं वागला असता का? ओरखड्याने वागला नसता. केबल टायने वागला असता. कसोटी दर वेळी अचूक नसेल, पण तिच्यात एक चांगली गोष्ट आहे. ती विचारायची तर त्या पुढच्या माणसाला डोळ्यांसमोर आणावं लागतं. पार्किंगमध्ये बसून पॅनल लावताना मला त्या गाडीवर माझ्याशिवाय कुणी दिसतच नव्हतं.

रॉबर्ट पर्सिग यांचं 1974 चं 'झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेन्टेनन्स' मी नोकरीच्या पहिल्या वर्षी वाचलं होतं. त्यात सुरुवातीला एका गॅरेजचा प्रसंग आहे. तिथले मेकॅनिक गाडीचं काम बिघडवून ठेवतात, आणि लेखकाला टोचते ती त्यांची अलिप्तता. आपल्याच कामाकडे ते प्रेक्षकासारखे बघत असतात. ते वाचून मी खूश झालो होतो. मी तसा नव्हतो. मी पुठ्ठ्यावर चित्र काढून स्क्रू टोचणारा, कॉलर बुशच्या प्रेमात पडणारा माणूस. आता वाटतं, माझी काळजी खरी होती, फक्त ती गाडीपाशी येऊन थांबत होती. गाडीवर बसणाऱ्या माणसापर्यंत तिचा हात पोचत नव्हता. वस्तूवर प्रेम करणं सोपं असतं. वस्तू विचारत नाही, आधी कुणी उघडली होती.

घरी गाडी उघडण्यात एक प्रतिष्ठा आली आहे. उघडतो तो धाडसी, जिज्ञासू, स्वतःच्या हाताने करणारा. व्हिडिओही उघडण्याचे जास्त, बसवण्याच्या वेळी 'आता उलट क्रमाने लावा' एवढं एकच वाक्य. पण उघडताना चुकलं तर ते निदान डोळ्यांसमोर असतं. बसवताना आपण शेवटचे साक्षीदार असतो. शेवटचा बोल्ट आवळला की आत काय आहे ते फक्त आपल्याला माहीत, आणि बाहेरचं गुळगुळीत फायबर आपल्या वतीने जगाला सांगत राहतं की आत सगळं ठीक आहे. पॅनल लावणं हे एक विधान असतं. ते खरं की खोटं हे तोंड न उघडताही ठरतं.

*

दिवाळीत मी साताऱ्याला गेलो तो नवीन पॅनल, आटेवाली नवी क्लिप आणि बोल्टचा सेट घेऊन. पैसे अर्थातच माझे. पाडव्याच्या दुपारी मामांच्या अंगणात आम्ही दोघांनी गाडी उघडली. पुठ्ठ्यावर चित्र त्याने काढलं, माझ्यापेक्षा बरं. त्याला मी आधी पुढे सरकवायचं, मग बाहेर काढायचं हे दाखवलं, आणि मी जानेवारीत काय केलं होतं तेही करून दाखवलं, तुटक्या पॅनलवर.

सगळं बसत आलं तेव्हा एक कॉलर बुश निसटून अंगणातल्या मातीत गेली. अर्धा तास शोधली, चुंबक फिरवला, सापडली नाही. सणाची दुपार, सगळी दुकानं बंद. शेवटी त्या जागी रबर आणि वॉशर घालून बोल्ट हलका लावला. तात्पुरती सोय.

मी मास्किंग टेपचा तुकडा फाडून पॅनलच्या आतल्या बाजूला चिकटवला आणि मार्करने तारीख लिहिली. खाली लिहिलं: 'मधल्या बोल्टला बुश नाही. जास्त आवळू नका. नवीन टाकायची आहे.' हल्ली माझ्या नव्या गाडीतही मी हे करतो. कोडमध्ये पुढच्यासाठी कॉमेंट लिहितो तसंच, फक्त अक्षर वाईट.

मामेभावाने चिठ्ठी वाचली. "आणि बुश टाकायच्या आधीच विकायची वेळ आली, तर हे समोरच्याला सांगायचं?"

"सांगायचं."

"मग दोनेक हजार कमी येतील."

"येतील," मी म्हणालो, आणि शेवटचा बोल्ट लावायला एलन की त्याच्या हातात दिली.